शंकेस दार उघडें असावें

वार्षिकाच्या मराठी विभागांत श्रद्धेविषयीं एखादा लेख बहुधा असतोच, आणि तो श्रद्धेची स्तुति करणारा असतो. त्यांत वावगें कांहीं नाहीं. ज्या शाळेचा दिवस प्रार्थनेनें सुरू होतो, तिच्या वार्षिकांत श्रद्धेचे गोडवे गाइले जावे हें स्वाभाविकच आहे. परंतु, वाचकहो, श्रद्धेची एक धाकटी बहीण आहे. ती त्याच घरांत वाढते, त्याच चुलीवरचें खाते, आणि चार पाहुणे आले म्हणजे मात्र तिला माजघरांत दडवून ठेवण्यांत येतें. तिचें नांव शंका. तिच्या वतीनें आज चार शब्द लिहावे असें आमच्या मनांत आहे. या विषयांत आम्ही कोणी मोठे अधिकारी आहों असें नव्हे. उलट आमच्या हातून या बाबतींत एक चूक घडली आहे, व ती कबूल केल्यावांचून आम्हांस या विषयावर तोंड उघडण्याचाहि अधिकार पोंचत नाहीं. म्हणून प्रथम ती चूक सांगतों.

आमचें घर कुरुंदवाडास आहे. पूर्वीं पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी असलेलें व १९४८ सालीं त्या संस्थानाबरोबर मुंबई प्रांतांत विलीन झालेलें हें गांव कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमाजवळ वसलें आहे. पलीकडे नरसोबाची वाडी. पावसाळ्यांत नदी चढली कीं वाडीच्या दत्तमंदिरांत पाणी शिरतें, आणि तें दक्षिणद्वारानें बाहेर पडूं लागलें म्हणजे त्यांत स्नान करण्यास भाविकांची झुंबड उडते. तेंच पाणी आणखी चढलें कीं आमच्या गल्ल्यांतून शिरतें, आणि मग लोक भांडींकुंडीं माळ्यावर टाकूं लागतात. पाणी एकच, कोणास तें तीर्थ, कोणास तें संकट. लहानपणापासून पाहत आलेली ही गोष्ट. तिचा अर्थ विचारावा असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें.

२००५ सालचा पूर गांवानें पाहिला होता. परंतु ऑगस्ट २०१९ मध्यें जो पूर आला त्यानें मागच्या सर्व आठवणी पुसून टाकल्या. सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात. त्या वर्षीं तेथें कृष्णा ५७ फुटांच्या घरांत गेली. शिरोळ तालुक्यांतील गांवेंच्या गांवें पाण्यानें वेढलीं गेलीं. बायकामुलें, म्हातारीं माणसें, दावणीचीं गुरें, सर्वांस घेऊन लोक जीव मुठींत धरून बाहेर पडले. पाणी ओसरल्यावर घरोघरचा चिखल काढावयास आम्ही कांहीं विद्यार्थ्यांसह नदीकांठच्या एका गल्लींत गेलों. त्या विद्यार्थ्यांत दहावीचा एक मुलगा होता. त्याचें घर त्याच गल्लींत होतें, आणि त्या घराची मागली भिंत खचली होती. ख्रिस्ती कुटुंबांतला, रविवारच्या शाळेस न चुकतां येणारा, शास्त्रांतल्या प्रश्नांचीं उत्तरें मुखोद्गत असणारा असा तो मुलगा. फावडें खालीं ठेवून त्यानें आम्हांस विचारलें, “सर, नोहाच्या वेळचा पूर लोकांच्या पापामुळं आला, असं आपण शिकवलंत. मग आमच्या गल्लीनं काय पाप केलं होतं?”

आम्ही त्या वेळीं दमलों होतों हें खरें. पण ती सबब पुरेशी नाहीं. खरें कारण असें कीं, त्या प्रश्नाची आम्हांस भीति वाटली. आम्हीं म्हटलें, “देवाच्या करणीला असं विचारूं नये. विश्वास ठेवावा.” त्यानें मुकाट्यानें फावडें उचललें व तो पुन्हां कामास लागला. त्यानंतर कित्येक महिने त्यानें आम्हांस एकहि प्रश्न विचारला नाहीं. तो प्रार्थनेस उभा राहत असे, स्तोत्रें म्हणत असे, परीक्षेंत चांगले गुणहि मिळवीत असे. बाहेरून पाहणाऱ्यास त्याची श्रद्धा दृढ झाली असेंच वाटलें असतें. आम्हांस मात्र दिसत होतें कीं, दृढ झालें होतें तें केवळ त्याचें मौन.

पुढें दिवाळीनंतर वर्गांत ईयोबाची कथा सांगण्याची पाळी आली, आणि ती सांगतां सांगतां आमची जीभ अडखळली. ईयोब हा सज्जन मनुष्य. त्याचें घरदार, मुलेंबाळें, शरीराचें आरोग्य सर्व एकामागून एक गेलें. तीन मित्र त्याच्या समाचारास आले, आणि सात दिवस व सात रात्री एक शब्दहि न बोलतां त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. तोंवर ते खरे मित्र होते. मग त्यांनीं तोंडें उघडलीं. तुझ्या हातून कांहीं तरी पाप घडलें असलें पाहिजे, त्यावांचून का देव असें करील, असें नाना प्रकारें त्यांनीं त्यास पटवूं पाहिलें. ईयोबानें तें मानलें नाहीं. त्यानें देवापुढेंच गाऱ्हाणें मांडलें, आणि तेंहि सौम्य शब्दांत नव्हे. कथेच्या शेवटीं निवाडा होतो तो असा कीं, देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या मित्रांवर देवाचा कोप होतो, आणि देवाशीं भांडणारा ईयोब योग्य तें बोलला असें ठरतें. वर्गासमोर हें सांगत असतां आमच्या ध्यानांत आलें कीं, आम्ही त्या मित्रांच्याच पंक्तींत बसलों होतों. आणि त्यांनीं सात दिवस मौन तरी पाळलें होतें, आम्हांस सात पळेंहि तें साधलें नव्हतें.

मग आम्हीं त्या मुलाचा प्रश्न हातीं घेऊन शास्त्र पुन्हां चाळलें. प्रश्न विचारणें हा अधर्म असता तर पवित्र शास्त्राचीं कितीतरी पानें कोरीं ठेवावीं लागलीं असतीं. हबक्कूक संदेष्ट्याचें पुस्तक सुरूच होतें तें तक्रारीनें. स्तोत्रसंहितेंतील कितीएक स्तोत्रें म्हणजे देवास विचारलेले जाब आहेत. इतकेंच काय, वधस्तंभावर असतां ख्रिस्ताच्या मुखांतून जे उद्गार निघाले त्यांतला एक स्पष्टच प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर तेथें त्या घटकेस मिळाल्याचें शुभवर्तमानांत लिहिलेलें नाहीं.

त्या मुलाच्या शंकेसंबंधीं म्हणाल, तर तिचें उत्तर आमच्या पाठांतल्याच पानांवर होतें. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायांत शिलोह येथील बुरूज कोसळून १८ माणसें मेल्याचा उल्लेख आहे. यरुशलेमांतील इतर लोकांपेक्षां हीं माणसें अधिक अपराधी होतीं काय, असा प्रश्न ख्रिस्तानेंच काढला व नाहीं असें स्वतःच उत्तर दिलें. पश्चात्तापाची सूचना त्यानें केली हें खरें. पण ती जिवंत राहून ऐकत असलेल्या सर्वांस सारखीच होती, मेलेल्यांवर ठपका म्हणून नव्हती. नोहाची कथाहि आम्ही अर्धीच शिकवीत होतों. त्या कथेचा शेवट पुरांत नाहीं. तो मेघांतील धनुष्याखालीं दिलेल्या वचनांत आहे, आणि तें वचन पुन्हां जलप्रलयानें सृष्टीचा नाश न करण्याचें आहे. तेव्हां प्रत्येक पुरास जो देवाची शिक्षा म्हणतो तो शास्त्राचा कैवार घेत नसून त्याच शास्त्रांतील वचन विसरतो. मुलाच्या शंकेनें आम्हांस जेथवर नेलें तेथवर आमची श्रद्धा आपल्या पायांनीं कधींच गेली नव्हती.

योहानाच्या नवव्या अध्यायांत जन्मांधाची कथा आहे. पाप कोणाचें, याचें कीं याच्या आईबापांचें, असें शिष्य विचारतात. ख्रिस्त म्हणतो, दोघांचेंहि नाहीं. यांत देवाचें कार्य प्रगट व्हावें असेंहि तो म्हणतो, आणि लगेच खालीं वांकून मातीचा चिखल करतो व त्या आंधळ्याच्या डोळ्यांस लावतो. येथें एक सावधगिरी घेतली पाहिजे. या वचनाचा आधार घेऊन पुष्कळ लोक दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ परस्पर लावून मोकळे होतात. आमच्याच गांवचें उदाहरण घ्या. गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म १८७२ सालीं कुरुंदवाडास झाला. लहानपणीं फटाक्यानें त्यांच्या डोळ्यांस इजा झाली, शिक्षण थांबलें, आणि मग ते मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणें शिकले. पुढें १९०१ सालीं त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केलें व संगीतास प्रतिष्ठा मिळवून दिली. हें सांगून झाल्यावर कोणी तरी हटकून म्हणतो, डोळे गेले म्हणूनच गाणें आलें. देवाची योजनाच तशी. हें बोलणें सोपें आहे, कारण बोलणाऱ्याचे डोळे शाबूत असतात. त्या अपघाताच्या दिवशीं त्या लेंकराच्या आईपुढें उभें राहून हें वाक्य उच्चारण्याचा धीर आपणांपैकीं कोणास होईल? ज्याचें दुःख त्यानें आयुष्याच्या अखेरीस त्याचा अर्थ सांगितला तर तो आपण आदरानें ऐकावा. त्याच्या आधीं त्याच्या वतीनें तो आपण सांगूं नये.

त्याच मिरजेंत १८९४ सालीं डॉक्टर विल्यम वानलेस यांनीं रुग्णालय उभारलें. मोतीबिंदूनें आंधळे झालेले कितीतरी लोक गांवोगांवहून तेथें येत व पाहत पाहत घरीं जात. जगांत अंधत्व कां आहे, या प्रश्नाचें तात्त्विक उत्तर कोणा शस्त्रवैद्यानें दिल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं. पण जितकें अंधत्व मनुष्याच्या हातानें दूर होण्यासारखें होतें तितकें दूर करण्याचा उद्योग तेथें झाला. जन्मांधाच्या कथेचें याहून चांगलें विवरण आम्हांस ठाऊक नाहीं. ख्रिस्तानें उत्तर देऊन हात झटकले नाहींत. चिखल हातांत घेतला. आम्हीं त्या गल्लींत नेमकें उलट केलें. हातांत चिखल होता, आणि मुखांत झटकून टाकणारें उत्तर होतें.

आणखी एक गोष्ट. शंकेला गप्प केलें म्हणजे जे प्रश्न देवाचे नसून माणसांचे आहेत तेहि तिच्याबरोबर गप्प होतात. २०१९ साली पाऊस असाधारण पडला हें निर्विवाद आहे. तथापि कोयना, वारणा, राधानगरी या धरणांतून पाणी केव्हां व किती सोडावें, खालीं कर्नाटकांतील अलमट्टीच्या साठ्याशीं त्याचा मेळ कसा घालावा, पूररेषेच्या आंत घरें बांधावयास परवानगी कोणी द्यावी व कां, हे प्रश्न स्वर्गांतून सुटावयाचे नाहींत. त्यांचा विचार करण्यास सरकारनें नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली व तिचा अहवाल २०२० साली सादर झाला. देवाच्या करणीला विचारूं नये असें एकदां मुलाच्या मनावर ठसलें कीं तो पुढें अधिकाऱ्यांच्या करणीलाहि विचारीत नाहीं. अशी श्रद्धा देवापेक्षां निष्काळजी माणसांच्याच अधिक सोयीची आहे.

आतां थोमाकडे वळूं. बिचाऱ्या थोमाच्या नांवास अविश्वासाचा कलंक कायमचा चिकटून बसला आहे. वास्तविक प्रभूबरोबर मरावयास आपणहि जाऊं, असें जो एकदां धैर्यानें म्हणाला तो हाच. पुनरुत्थित प्रभूला आम्हीं पाहिलें असें दहा शिष्यांनीं सांगितलें. हा त्या दिवशीं तेथें नव्हता. जखमांच्या खुणा पाहिल्यावांचून आपण मानणार नाहीं, असें त्यानें स्पष्ट सांगितलें. त्यानंतर आठ दिवसांनीं प्रभु पुन्हां त्यांच्यामध्यें आला तेव्हां थोमा त्यांच्याबरोबर घरांतच होता. वाचकहो, मधल्या त्या आठ दिवसांचें वर्णन शास्त्रांत नाहीं. परंतु आम्हांस वाटतें, सर्व कथेचें मर्म त्या आठ दिवसांत आहे. दहा जणांनीं थोमाला बाहेर घालविलें नाहीं. थोमाहि रुसून निघून गेला नाहीं. एकाच छपराखालीं दहांची श्रद्धा आणि एकाची शंका आठ दिवस एकत्र नांदली. यांतलें एक जरी चुकलें असतें, त्यांनीं दार लावलें असतें किंवा त्यानें घर सोडलें असतें, तरी पुढची भेट थोमास घडली नसती. हिंदुस्थानांत ख्रिस्ताचें नांव प्रथम याच थोमानें आणलें अशी दक्षिणेंतील ख्रिस्ती लोकांची परंपरा आहे, आणि चेन्नईंत मैलापुरास त्याची कबर दाखवितात. परंपरेनें या देशासाठीं दहांतला एकहि न निवडतां शंकेखोर अकरावा निवडावा, हें आम्हांस मोठें अर्थपूर्ण वाटतें.

महाराष्ट्रांतहि असे थोमा झाले आहेत. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें झाला. बाप्तिस्मा झाला म्हणजे शंका संपल्या असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं बाईंचा पुढील काळांतला पत्रव्यवहार वाचावा. तो १९७७ साली पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाला आहे. त्रैक्याचा सिद्धांत, धर्मगुरूंचा अधिकार, मंडळीचे मतांगीकार, यांतील जें आपल्या बुद्धीस व विवेकास पटलें नाहीं त्याविषयीं त्यांनीं आपल्या इंग्रज हितचिंतकांस निर्भीडपणें विचारलें, आणि त्याबद्दल गर्विष्ठपणाचा आरोपहि सोसला. पण त्या नुसत्या विचारून थांबल्या नाहींत. मूळ ग्रंथ काय म्हणतो हें आपण स्वतः पाहावें म्हणून त्या हिब्रू व ग्रीक भाषांकडे वळल्या. केडगांवच्या मुक्तिसदनांत दुष्काळांतून वांचविलेल्या शेंकडों मुलींचा संसार सांभाळीत असतां, आयुष्याचीं अखेरचीं कित्येक वर्षें त्यांनीं सबंध पवित्र शास्त्राचें मूळावरून मराठी भाषांतर करण्यांत घालविलीं. १९२२ च्या एप्रिलांत त्या वारल्या, आणि ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. ज्या शास्त्राविषयीं तरुणपणीं इतके प्रश्न विचारले, तेंच सामान्य बायकांस समजेल अशा मराठींत आणण्यासाठीं त्या मरेपर्यंत झिजल्या. शंकेनें त्यांस ग्रंथापासून दूर नेलें नाहीं. ग्रंथाच्या मुळाशीं नेलें.

सर्वांचीच शंका अशा पांडित्याच्या वाटेनें जात नाहीं. कोणाची ती स्वयंपाकघरांतल्या पाण्याच्या घागरीपाशीं उभी राहते. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हां लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळलें. कांहीं काळ वेगळें राहून त्या पतीकडे परत आल्या, पण आपलें सोंवळें घेऊनच. वादविवादांत टिळकांसारखा पंडितहि त्यांस हरवूं शकला नाहीं. जातिभेद देवानें केला कीं माणसांनीं, हा प्रश्न रोजच्या शिवाशिवींतूनच त्यांच्या मनांत उठला, आणि त्याचें उत्तर त्यांनीं आपल्या वेळीं, आपल्या पायांनीं गांठलें. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. मधलीं वर्षें टिळकांस जड गेलीं असतील. पण बायकोच्या मनाची घाई त्यांनीं केली असती, तर ‘स्मृतिचित्रे’ लिहिणारी ती निर्मळ व हंसरी श्रद्धा महाराष्ट्रास दिसली असती कीं नाहीं याची आम्हांस शंका आहे.

येथें कोणी पालक किंवा सहकारी शिक्षक म्हणतील, कोंवळ्या मनांस शंका घ्यावयास शिकविणें म्हणजे रोपट्याचीं मुळें उपटून तीं वाढतात कीं नाहीं हें पाहण्यासारखें आहे. हा आक्षेप आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. शंकेचे दोन प्रकार आहेत. एक शंका आळसाची असते. तिला उत्तर नको असतें. प्रार्थनेस उशिरां येण्यासाठीं, पुस्तक न उघडण्यासाठीं, चारचौघांत शहाणें दिसण्यासाठीं ती उपयोगी पडते. ती ओळखण्याची खूण सोपी आहे : ती विचारणाऱ्यास कांहींच करावयास लावीत नाहीं. खरी शंका मात्र माणसास स्वस्थ बसूं देत नाहीं. ती त्याला पुन्हां वाचावयास लावते, जाणत्यास विचारावयास लावते, आणि उत्तर मिळेपर्यंत हातांतलें काम सोडूं देत नाहीं. आमच्या त्या विद्यार्थ्यानें प्रश्न विचारण्यापूर्वीं सकाळपासून शेजाऱ्यांच्या घरांतला चिखल उपसला होता. अशाच्या शंकेस आळसाची शंका कोण म्हणेल? आणि शंका आम्हांस शिकवावी लागत नाहीं. पूर, दुखणें, मृत्यु हे ती शिकवितातच. आमच्या हातीं इतकेंच आहे कीं, ती आमच्या देखत बोलूं द्यावयाची, कीं आमच्या पाठीमागें कुजूं द्यावयाची.

शिवाय ज्या श्रद्धेला घरांतली शंका सोसत नाहीं, तिला शेजारची निराळी श्रद्धाहि फार दिवस सोसत नाहीं. कुरुंदवाडांत गणेशोत्सवांत मशिदींत गणपति बसविण्याची चाल आहे, आणि तिचा गांवास अभिमान आहे. ही चाल पाडणाऱ्यांस आपापल्या धर्माविषयीं कमी आस्था होती असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. आपल्या देव्हाऱ्याची भिंत शेजाऱ्याच्या धक्क्यानें पडेल अशी त्यांस भीति नव्हती, इतकेंच. आमच्या वर्गांत हिंदु, मुसलमान, जैन, लिंगायत, ख्रिस्ती अशीं सर्व मुलें एका बांकावर बसतात. त्यांतल्या एखाद्यानें आमच्या शास्त्राविषयीं प्रश्न विचारला तर आम्ही मोठ्या सौजन्यानें उत्तर देतों. तेंच सौजन्य आपल्या मंडळींतल्या मुलास कां मिळूं नये?

आतां चुकीची कथा पुरी करतों. नाताळच्या सुट्टीपूर्वीं एके दिवशीं संध्याकाळीं आम्ही त्या मुलाच्या घरीं गेलों. पडलेल्या भिंतीच्या जागीं पत्रे ठोकले होते. सोप्यांत त्याची आजी मांडीवर एक जाड पुस्तक घेऊन बसली होती. तें घरचें पवित्र शास्त्र होतें. पुरांत भिजून, चिखल बसून, उन्हांत वाळून त्याची वीट झाली होती. विणावयाच्या सुईनें ती एकेक पान हलक्या हातानें सोडवीत होती.

“चिखलानं पानं चिकटल्यात, मास्तर,” ती म्हणाली. “रोज दोन-चार सोडवायची. ओढलं की फाटतंय बघा.”

“आणि जीं सुटतच नाहींत तीं?” आम्हीं विचारलें.

“राहूंदेत की. म्हणून काय पुस्तक टाकून द्यायचं?”

मुलगा जवळच अभ्यास करीत होता. आम्हीं त्याला सांगितलें कीं, त्या दिवशीं आम्हीं दिलेलें उत्तर चुकीचें होतें. त्याच्या गल्लीनें कांहीं पाप केलें नव्हतें, आणि शास्त्रहि तसें म्हणत नाहीं. शिलोहाच्या बुरुजाची गोष्ट आम्हीं त्याला वाचून दाखविली. आजीच्या पुस्तकांत तें पान अजून सुटलें नव्हतें, म्हणून आमच्या पुस्तकांतून. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मग सर, त्या रात्री देव कुठं होता?”

हा प्रश्न पहिल्याहून कठीण होता. त्याचें उत्तर आमच्याजवळ तेव्हां नव्हतें. पण चार महिन्यांचें मौन सुटलें होतें, आणि तेवढ्यानें आम्हांस नाताळची भेट मिळाल्यासारखें झालें. या खेपेस आम्हीं घाई केली नाहीं. तिघेंहि दिवेलागणीपर्यंत पुस्तकाभोंवतीं बसलों. त्यानें पान धरलें, आजीनें सुई चालविली.

२०२१ च्या जुलैंत नदी पुन्हां गांवांत आली. तोंवर तो मुलगा शाळा सोडून गेला होता. पाणी उतरल्यावर रस्त्यांत भेटला तेव्हां हंसून म्हणाला, “सर, या वेळी पुस्तक सगळ्यांच्या आधी माळ्यावर ठेवलं.” आम्हीं विचारलें, “आणि तो प्रश्न?” तो म्हणाला, “तोपण वरच आहे, त्याच्याशेजारी.” आम्हांस वाटतें, दोघांची जागा तीच आहे. शिक्षकांस व पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलानें प्रश्न विचारला असतां उत्तर येत नसेल तर तसें सांगावें, आणि त्याच्याजवळ बसावें. विद्यार्थ्यांस विनंति अशी कीं, जें पान आज सुटत नाहीं तें ओढून फाडूं नये, आणि त्यासाठीं सबंध पुस्तकहि टाकून देऊं नये.